अर्जातला नात्याचा रकाना

आमचा रस्ता जेमतेम दोन गाड्या जातील एवढा. पण शहराच्या नकाशात त्याच्या मधोमध रेघ होती. आमच्या बाजूची मुलं एका प्राथमिक शाळेत, समोरच्या बाजूची दुसऱ्या. इथे जर्मनीत शिक्षकांचे पगार राज्य देतं. इमारत, बाकं, साफसफाई शहर बघतं. मग सगळे वर्ग सारखे भरावेत म्हणून शहर पोरं गल्लीनुसार वाटून टाकतं. आईबापांना कोण विचारतो! माझं डोकंच फिरलं, कारण समोर ताई राहायची.

ताई म्हणजे सख्खी नव्हे. सांगलीची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोघींचे नवरे ऱ्हाइनकाठच्या एकाच कारखान्यात इंजिनियर, आणि लेकी एकाच वयाच्या. मी नोकरीला लागले तेव्हापासून तीन वर्षं ताईच दोघींना किंडरगार्टनमधून आणायची, वरणभात भरवायची. माझी लेक तिला मावशी म्हणायची. मला जर्मनमध्ये उत्तरं देणारी ही कार्टी मावशीशी मात्र मराठीत कडाकडा भांडायची. त्या दुपारी मला हातच्या जाऊ द्यायच्या नव्हत्या. म्हणून समोरचीच शाळा हवी होती.

शाळा बदलून मिळते, पण त्याला ‘महत्त्वाचं कारण’ लागतं. मैत्रीण तिथे आहे, हे कारण नव्हे, असं शहराच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. दुपारी मूल सांभाळणारं माणूस त्या भागात राहत असेल, तर त्याची सही आणा. झालं, मी हरखले. घरी येऊन फॉर्म भरायला बसले. सांभाळणाऱ्याचं मुलाशी नातं काय, असा रकाना होता. मावशी लिहावं तर हे लोक जन्मदाखले मागतील, आडनावं ताडून बघतील, नसती भानगड. मी ठळक लिहिलं, ‘नातं नाही’. वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

ताईने फॉर्म वाचला. परत वाचला. मग सही केली.

“अगं, ऑफिससाठी आहे गं ते,” मी म्हटलं.

“हो ना,” म्हणाली आणि पोळ्या करायला उठली.

महिन्याने परवानगीचं पत्र आलं. मी शिऱ्याचा डबा घेऊन धावतच रस्ता ओलांडला. ताईने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

“चांगलं झालं. पण दुपारचं आता मला नाही जमायचं. उद्या पोरीला काही झालं, कुणी विचारलं, तर मी कोण म्हणून सांगू?”

“मावशी म्हणून सांग ना!”

“ते तू लिहायचं होतंस.”

मी रडले, हातापाया पडायची बाकी राहिले. नंतर दोनदा गेले. ताईने चहा दिला, तब्येतीची चौकशी केली, बास. मला इतकी शरम वाटली की नवऱ्यालासुद्धा धड सांगता आलं नाही. कारणच उरलं नाही, तसं मी ऑफिसला कळवलं. लेक आमच्या बाजूच्या शाळेत जाऊ लागली, दुपारीही तिथेच थांबू लागली. पहिले काही दिवस विचारायची, मावशी रागावली का? मग विचारेनाशी झाली.

आता ती दुसरीत आहे. परवा खिडकीत उभी राहून सहज जर्मनमध्ये म्हणाली, “आई, समोरच्या बाईंनी केस कापलेत.”