न फुंकलेली मेणबत्ती

मेण वितळल्याचा वास आला की मला अजून त्याच्याबरोबर सुकटीचाही वास येतो. विद्यापीठातल्या मोजक्या पारशी विद्यार्थ्यांचा मी धर्मगुरू; त्या वर्षी त्यांच्यातल्या एका मुलीच्या वर्गाबरोबर सहलीला गेलो होतो. आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघताना वर्गातल्या मुलांनी तिचा वाढदिवस करायचं ठरवलं, तिकीटखिडकीच्या आडोशाला केक ठेवून एकच मेणबत्ती पेटवली आणि "फुंक, फुंक!" असा गलका सुरू केला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दस्तूरजी, दर वर्षी फुंकते आणि मग दिवसभर रुखरुख लागते. यांना काय सांगू?" मी म्हटलं, "आहे ते सांग." तिनं सगळ्यांना सांगितलं, "आमच्यात अग्नीला तोंडाचा वारा लागू देत नाहीत. मला नाही विझवायची." मग एक मुलगा म्हणाला, "मग जळू दे की पुरती!" पण खाडीचा वारा ज्योतीला झोंबत होता, तेव्हा सगळ्यांनी ओंजळी धरून तिच्याभोवती कोंडाळं केलं. शेजारी सुकट विकणाऱ्या कोळीणबाईंनी आपली पाटी आडवी धरली आणि म्हणाल्या, "आमच्यात पन दिवा फुंकत न्हाय, पोरी." बोटीचा भोंगा वाजला, बोट सुटली, तरी कुणी जागचं हललं नाही. मेणबत्ती आपसूक विझल्यावर आम्ही तो सुकटीचा वास लागलेला केक चाटूनपुसून खाल्ला. परवा तिनं नोकरीच्या गावाहून फोटो पाठवला: टेबलावर एक मेणबत्ती, आणि तिच्याभोवती मी कधीच न पाहिलेले हात.