वैष्णवीची हजेरी आणि पहिली शिफ्ट

"मॅडम, या मुलीची टर्म थांबवावी लागेल," डीन सर व्हिडिओ मीटिंगमध्ये म्हणाले. "तुमच्या विषयात हजेरी सदुसष्ट टक्के. पंचाहत्तरला पर्याय नाही."

टर्म थांबवणं म्हणजे परीक्षेला बसू न देणं. एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी मुलगी मागे पडणार. कोरोनामुळे कॉलेज बंद होतं आणि मी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं ते, मोबाइलवरून शिकवत होते. मुलांना ही पद्धत भलतीच आवडली होती. ताथवड्याच्या टॉवरमधली मुलं पांघरुणातून 'प्रेझेंट मॅडम' म्हणायची. वैष्णवीच तेवढी सलग आठवडाभर गायब व्हायची.

मी फार शहाणपणा करून वर्गाच्या ग्रुपवर तिला लिहिलंही होतं, "मोबाइलवर शिकायचं नसेल तर स्पष्ट सांग." त्यावर तिचं फक्त "सॉरी मॅडम" आलं.

मीटिंगनंतर कासारवाडीच्या घरी मी हजेरीची शीट उघडून बसले होते. दोन आठवडे सगळे पी, एक आठवडा सगळे ए. पुन्हा दोन पी, एक ए. आजारी माणूस काही असं कॅलेंडर बघून आजारी पडत नाही. चहाचा कप घेऊन आमचे हे मागून डोकावले. उभा जन्म पिंपरीतल्या कंपनीत गेलेला माणूस.

"ही पोरगी कुठल्या कंपनीत आहे गं?"

"कंपनीत कशी असेल? डॉक्टर होतेय."

"मग हा शिफ्टचा तक्ता कुणाचा?"

मी तिच्या नंबरावर फोन लावला. उचलला नाही. तासाभराने उलटा फोन आला. मागे ताटांचा खणखणाट.

"व्हय, वैष्णवीचा बाप बोलतोय. जेवणाच्या सुट्टीत हाय मी. काय झालं, मॅडम?"

"हा वैष्णवीचा नंबर ना? तुमच्याकडे कसा?"

"घरात फोन एकच हाय. कंपनीच्या गेटवर तब्येतीचं ॲप दाखवल्याबिगर आत सोडत न्हाईत. पहिली शिफ्ट आसली की सकाळीच घिऊन यावा लागतो."

माझे तास सकाळी नऊ ते अकरा. दुसऱ्या शिफ्टला बाप दुपारी निघायचा, तिसरीहून सकाळी घरी येऊन झोपायचा. त्या आठवड्यांत फोन तिच्याकडे. पहिली शिफ्ट लागली की मुलगी गैरहजर.

"दुसरा फोन नाही का घेता आला?"

"चाकणातली दुकानं बंद हायती, मॅडम. पोरगी म्हनली, कुनाला सांगू नका. तिचं काय चुकलं का?"

"तिचं नाही, माझं चुकलं," मी म्हणाले. मला खरंच लाज वाटली. मुलगी मन लावून शिकत होती आणि मी तिला चारचौघांत टोचलं होतं. संध्याकाळी त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर माफी मागितली. कारण मात्र लिहिलं नाही.

मग डीन सरांना गाठलं.

"एका मुलीसाठी टाइमटेबल बदलायचं?"

"तीन आठवड्यांतून एकच आठवडा, सर. तास साडेचारला घेते."

"बाकीची मुलं कुरकुर करतील."

"करू देत की."

कुरकुर झालीच. "मॅडम, साडेचार म्हणजे झोपायची वेळ!" अशांना मी लगेच प्रश्न विचारायचे.

पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस बापाला घेऊन त्यांच्या गावात चारच्या सुमाराला पोहोचायची. पण चाकण चौकात अडकली की सगळं गणित कोलमडायचं. अशा दिवशी मी पहिली दहा मिनिटं आदल्या तासाची उजळणी घेत वेळ काढायचे. एकदा तिचं नाव स्क्रीनवर उगवलं आणि माइक चालूच राहिलेला. धापा टाकत कुणीतरी ओरडलं, "आलो आलो! घ्या मॅडम, करा सुरू!" सगळा वर्ग हसला. वैष्णवीही हसली आणि मग कारण तिनेच वर्गाला सांगितलं. त्यानंतर साडेचारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

टर्म संपताना हजेरी भरली शहात्तर. डीन सरांनी शीट दोनदा पाहिली.

"नियमात कसं बसवलंत?"

"नियम जागेवरच आहे, सर. फक्त घड्याळ हलवलं."

त्यांनी सही केली. वैष्णवी परीक्षेला बसली आणि पास झाली. हल्ली कुणाच्या नावापुढे सलग ए दिसले, तर ग्रुपवर लिहिण्याआधी मी घरी फोन करते, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत.