रफूवालीने बुजवलेली भोकं

कापडात भोक दिसलं की रफूवालीचे हात शिवशिवायचे. वीस वर्षं तिचं पोट त्यावरच चाललं होतं. म्हणून चित्रकार बाईंनी तीन जुन्या चादरी नुसत्या काठ दुमडायला दिल्या, तरी तिने काठातलेच धागे काढून आतली सगळी भोकं बेमालूम बुजवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, ती भोकं मी मुद्दाम पाडली होती. पहिली चादर आजीची, दुसरी आईची, तिसरी माझी. आजीने उपासमार सोसली. तसल्या उपासमारीची खूण पुढच्या पिढ्यांच्या अंगातही उतरू शकते, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणून तिन्हींवर भोकं एकाच जागी होती."

"पोटभर जेवणाऱ्या नातीच्याही अंगात?"

"हो. तिला कुणी काही सांगितलं नसलं तरी."

या चादरींचं प्रदर्शन उद्यावर आलं होतं. रफूवाली आपलेच टाके उसवायला बसली. उपासमार सोसलेली तिची आईही उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे लपवायची. नात जन्मायच्या आधीच ती गेली, आणि रफूवालीने लाजेपोटी लेकीजवळ हा विषय कधी काढला नव्हता.

आज सकाळी लेकीच्या उशीत वाळका पाव निघाला होता. "हे कुणी शिकवलं तुला?" म्हणत तिने पोरीला बडवलं होतं. पोरीकडे सांगायला नाव नव्हतं. शेवटी तिने कुठल्यातरी मैत्रिणीचं घेतलं, तेव्हा कुठे आईचा हात थांबला.