बियाचं वांगं

शहाद्याच्या आमच्या कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर सगळ्यांनी मिळून वाफे पाडले, तेव्हा जो तो एकोप्याचं गाणं गात होता. मी नाही. माझा नाही बाई असा पटकन विश्वास बसत. पहिल्याच वर्षी मी बियासाठी राखलेल्या दोन वांग्यांपैकी एक गेलं! आईच्या हातचं बी होतं ते. आई गेली, आता माहेरचं म्हणून एवढंच उरलेलं.

माझा संशय शेजारच्या वाफेवालीवर, रिटायर झालेल्या मास्तरीणबाईंवर. दुसऱ्या वर्षी होतं तेवढं बी पेरलं, तर मर रोग लागून माझी सगळी झाडं गेली, एकच उरलं. त्यावरच्या एकुलत्या वांग्याला मी बियाचं म्हणून लाल चिंधी बांधली. तर या रोज सकाळी येऊन डोकावणार, "पिवयं व्हई गयं वं, कव्हय तोडशी?" मी कधी का तोडेना, तुम्हाला काय करायचंय? मी खिडकीतून नजर ठेवून असायची.

थंडीत प्लॉटवरच भरीत पार्टी ठरली. प्रत्येकाने आपल्या वाफ्यातली वांगी द्यायची. मी बाजारातून आले तर कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटलेला, मास्तरीणबाई वांगी भाजतायत, आणि माझं झाड रिकामं. चिंधी मातीत पडलेली.

पहिल्याच घासाला दाताखाली निबर बी कचकचलं. मी ताट आपटलं. मास्तरीणबाईंकडे बघत ओरडले, "मन्हं बियानं वांगं कोनी तोडं?"

"मी," आमचे हे म्हणाले. "आपला वाफामातून काहीच नही गयं, तर लोके काय म्हनतीन?"

कपाळ माझं! सगळ्यांसमोर मी हमसून रडले. आईचं बी संपलं होतं, आणि तेही मीच चावलं होतं.

मास्तरीणबाई उठून घरी गेल्या. येताना राखेत घोळलेल्या बियांची पुरचुंडी आणली. "मागला सालनं तुन्हं वांगं मीच लिंतं. चोरेल बी चांगलं उगस म्हनतस."

म्हणजे माझा संशय खरा होता! वर म्हणे, चोरलेलं बी चांगलं उगवतं! इतका राग आला, की पुरचुंडी हिसकावून घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडले.

यंदा दोघींच्या वाफ्यांत तेच वांगं लागलंय. बियासाठी मी माझी दोन राखलीत. तरी परवा त्यांच्या झाडावरचं एक पिवळं गुपचूप उचलून आणलं. मागितलं असतं तर त्यांनी दिलंच असतं.