पंख्याचा नट आणि एक ओहोटी

होडी वर्षभर पाण्यात राहिली की तिच्या बुडाला कालवं धरतात. रोज बघणाऱ्याला कळतही नाही, आणि एक दिवस खाली वाकून बघावं तर बोट ठेवायला जागा नसते! आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. चहाला चार जण जमले की एक खरवडून काढतो, त्याच्याखाली दुसरा असतोच.

शेड म्हणजे पेणच्या पलीकडे खाडीच्या काठावर चार खांब आणि वर पत्रे. मालक आणि मिस्त्री एकच, एझरा काका. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस. वाडवडील घाण्यावर तेल गाळायचे, काका होड्यांची इंजिनं खोलायचे. भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले, काका राहिले. मी सदा, कासूकडचा, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आतल्या एका गावातला भातवाला. डोलवीला कंपनीत कंत्राटावर फिटर होतो. कंत्राट संपलं आणि काकांना येऊन चिकटलो.

आता तुम्ही विचाराल, होडीचं सगळ्यात अवघड काम कुठलं? इंजिन? छे! पंख्याचा नट. पंखा म्हणजे होडीच्या मागे पाण्यात फिरतो तो, साहेबलोक त्याला प्रॉपेलर म्हणतात. नट पितळेचा, शाफ्ट लोखंडाचा आणि पाणी खारं. दोघं एकमेकांना असे धरतात की सोडवायला गेलेल्याचाच घाम निघतो.

आमच्याकडे होडी उचलायला क्रेन नव्हती. ओहोटीला होडी चिखलावर टेकायची, तेवढ्यात नट काढायचा, पंखा बदलायचा आणि नट परत लावायचा. काम अर्धं असताना पाणी आलं तर पंख्याविना होडी उचलली जाते आणि खाडीच्या ओढीला लागते. म्हणून आमच्याकडे घड्याळापेक्षा सगळे पाण्याकडेच बघायचे.

*

माझा पहिला दिवस. कंपनीतून आलेला फिटर, अंगात रग! काकांनी साडेतीन फुटी पान्हा दिला. मी त्याच्या दांड्यावर आणखी पाइप चढवला आणि सगळं अंग टाकून ओढला. नट हलला नाही. परत ओढला. तेव्हा काहीतरी सरकल्यासारखं वाटलं.

"हलला काका, हलला!" मी ओरडलो.

"नट नाय हलला," काका म्हणाले. "तू खाली चाललास."

खाली बघतो तर मी गुडघ्याच्या वर चिखलात! एक पाय उपसायला गेलो की दुसरा आणखी आत. काकांनी फळीवर उभं राहायला सांगितलं होतं, पण कंपनीतल्या माणसाला फळी कशाला हवी? तेवढ्यात पाणी वळलं. आधी नुसती ओल, मग मांड्यांपर्यंत. मी पोहायला शिकलो होतो विहिरीत, आणि विहिरीत पाय कुणी धरून ठेवत नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू यायला लागलं.

काका दोर घेऊन फळीवरून सरपटत आले. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

"आधी पान्हा दे," ते म्हणाले. "पेणात दुसरा मिळायचा नाय!"

*

रोह्याला कुंडलिकेच्या काठावर एकाची होडी होती. नट इतका बसलेला की काकांनी दोन दिवस आधी निरोप धाडला, 'नटाला रॉकेलच्या चिंध्या बांधून ठेव, आटे सुटतील.'

आम्ही एसटीने पोचलो, तेव्हा ओहोटी अर्धी होऊन गेली होती. घाई होती. काका म्हणाले, शेकवल्याशिवाय गत्यंतर नाही. मी ब्लो लॅम्प पेटवला आणि नटाला लावला.

त्या आज्ञाधारक माणसाने चिंध्या बांधल्या होत्या त्या तशाच होत्या! वर चिखल वाळलेला, म्हणून मला दिसल्याच नाहीत. भक्कन जाळ उठला आणि होडीच्या डांबराला लागला. मालक ओरडायला लागला, "पाणी आणा, पाणी!" मी बादली घेऊन पळालो. पळतोय, पळतोय, पण ओहोटीचं पाणी ऐंशी-नव्वद पावलं मागे गेलेलं! खाडीत उभे होतो आणि विझवायला पाणी नव्हतं!

काकांनी दोन्ही ओंजळींनी चिखल उचलून जाळावर थापायला सुरुवात केली. मग आम्ही तिघंही तेच करत सुटलो. जाळ विझला तेव्हा आमचे नुसते डोळे दिसत होते. काकांनी सहज म्हणून नटाला पान्हा लावला, तर तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला.

मालकाने जळक्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काका, माझी दुसरी एक होडी हाय. तिचा नट असू दे हां तसाच!"

*

भरतीची वेळ काढायची आमच्याकडची रीत सोपी. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. शेडमध्ये कॅलेंडर टांगलेलं असायचं ते त्यासाठीच. सकाळी मी तिथी बघायची आणि काकांना वेळ सांगायची.

एकदा श्रावणात मी वेळ सांगितली. काकांनी निवांत नट सोडला, पंखा उतरवला आणि नवा पंखा घासूनपुसून घेत बसले. अजून तासभर हातात होता. एवढ्यात जनाबायने बांधावरून हाक मारली. जनाबाय म्हणजे होडीची मालकीण. नवऱ्यामागे स्वतः होडी चालवायची, मासळीही स्वतःच विकायची.

"मिस्तरी, पानी आलं!"

"येतंय कसलं, तास हाय अजून!" मी म्हणालो.

"तुजा तास तुज्या कॅलेंडरात! माजी होरी उचलली!"

खरंच उचलली होती. मागचा दोर सोडलेला, पंखा काकांच्या मांडीवर आणि होडी हळूहळू आमच्यापासून लांब चाललेली. मी तिच्या काठाला लोंबकळलो. जनाबायने वरून उडी टाकून दोर खुंटाला मारला. दोर असा ताणला की आता तुटतो की मग! तुटला नाही.

शेडमध्ये येऊन काकांनी कॅलेंडर बघितलं. पान पुढच्या महिन्याचं! आदल्या संध्याकाळी गणपती कधी आहेत ते बघायला मीच उलटलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. पेणात राहून गणपतीची तारीख बघणार नाही असा माणूस दाखवा!

काकांनी पान जागेवर आणलं.

"गणपती येईल तेव्हा येईल सदा," ते म्हणाले. "पाणी आजच येतं!"

*

एकदा सुटलेला नट माझ्या हातातून चिखलात पडला. नागोठण्याच्या एकाची होडी, वेगळ्या मापाचा नट, दुसरा शोधायचा तर मुंबईला जायला हवं. पाणी वीस पावलांवर आलेलं. मी आणि काका कोपरापर्यंत हात घालून चिखल उपसतोय, आणि जितका उपसतोय तितका नट आणखी खाली जातोय!

जनाबाय पलीकडे खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, वेचत होती. बायका खुबे हाताने शोधत नाहीत, पायाने चाचपतात. ती आली, आम्हा दोघांना बाजूला केलं आणि लुगडं खोचून चिखलात सावकाश गोल गोल चालायला लागली. पाणी तिच्या घोट्याला लागलं. आम्ही बघतोय. ती थांबली, पायाच्या बोटांत काहीतरी पकडलं आणि पाय वर केला. नट!

"हातान काय गावतंय?" ती म्हणाली. "चिखलात डोले पायालाच असतात!"

*

काकांची बहीण इस्रायलला. वर्षातून एकदा फोन यायचा, तोही समोरच्या किराणा दुकानात. त्या दिवशी आला तेव्हा काका होडीखाली उताणे, नट नुकता कुठे सैल होतोय. दुकानदार धावत सांगायला आला.

"तिला सांग," काका खालूनच ओरडले, "पाणी भरल्यावर बोलतो!"

मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून फोन करायचा आणि असला निरोप ऐकायचा! काम संपलं, होडी तरंगली, पाणी बांधाला लागलं. काका हातपाय धूत होते.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. तिचाच होता. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही! चाळीस वर्षांपूर्वी खाडी सोडून गेलेल्या बाईने तिकडे बसून तिथीची पाऊणपट केली होती.

काकांनी ओले हात पुसून फोन घेतला. मग एवढंच म्हणाले, "व्हय गो, भरलं."

*

आता तो शनिवार सांगतो.

काका शनिवार पाळायचे. त्यांच्या धर्माचा विश्रांतीचा दिवस. चूल नाही, हत्यार नाही, कामाची गोष्टसुद्धा नाही. शुक्रवारी दिवस मावळला की पान्हा खाली, तो शनिवारी दिवस मावळेपर्यंत उचलायचा नाही. मी त्यांना एकदाही तो मोडताना पाहिलं नव्हतं, आणि कुणी तसं सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

भादव्यातली अमावस्या होती. आदल्या भरतीला आमच्या गावच्या खारबांधाला खांड पडली, बांध मधेच फुटला. बांधाच्या आत गावाचं सगळं भात पोटरीला आलेलं, कणसं बाहेर पडायच्या बेतात, त्यात माझ्या बाबांचंही. खारं पाणी एकदा आत बसलं की हे पीक तर गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नुसती पांढरी पडून राहते. सगळा गाव खांडीवर माती ओढत होता, पण माती वाहून जात होती. भरलेली पोती हवी होती. बांधाच्या वाटेवर कंबरभर चिखल, म्हणजे पोती न्यायची ती होडीतूनच, आणि सकाळी सव्वाअकराच्या भरतीआधी.

जनाबायने आपली होडी दिली. पोती भरून तिच्यात रचली. पण तिच्या पंख्याचं एक पातं दगडाला लागून तुटलेलं. नवा पंखा शेडमध्ये तयार होता. राहता राहिला नट!

सकाळी सहाला मी चिखलात उतरलो. रॉकेल झालं, शेकवणं झालं, पाइप लावून झाला. नट हलेना. नऊ वाजता पाणी घोट्याला लागलं आणि तेव्हा खरा घात झाला. नट फिरवताना शाफ्ट फिरू नये म्हणून पातं आणि होडीचं बूड यांच्यात आम्ही लाकडाचा ठोकळा अडकवतो. पाणी चढलं तसा तो ठोकळा तरंगून निघून जायला लागला! मी बसवतो, पान्हा ओढतो, ठोकळा सुटतो, नटासकट पंखा गर्रकन फिरतो. दगड लावला, तो निसटला. दोर बांधला, तो घसरला. पाणी मांडीला.

जनाबाय पुढचा दोर धरून उभी होती. "सदा, आवर रं! आवर!"

वर बघितलं तर बांधावर काका. पांढरे धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. प्रार्थना करून आले असावेत.

"काका!" मी ओरडलो. "बाबांचं भात जातंय काका! एकदा हात लावा!"

"आज शनवार हाय सदा," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की आजही आठवला तर लाज वाटते. मी पाठ फिरवली आणि पुन्हा ठोकळा बसवायला लागलो. तो पुन्हा हातातून सुटून वर आला.

मागे पाण्याचा आवाज झाला. काकांनी चपला बांधावर काढून ठेवल्या होत्या आणि ते त्या पांढऱ्या कपड्यांनिशी सरळ चालत आले. माझ्याशी एक शब्द नाही. पान्ह्याकडे बघितलं नाही. होडीखाली वाकले, वळले आणि पंख्याच्या उजव्या पात्यावर बसले. पाठ होडीच्या बुडाला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं.

ठोकळ्याच्या जागी एझरा काका!

मला कळलं आणि मी पान्हा खाली केला. मी ओढणार म्हणजे ते पातं वर येणार आणि काकांना होडीच्या बुडावर दाबणार. पान्हा निसटला तर बरगडीच जायची. मी नुसता उभा राहिलो.

जनाबाय ओरडली, "वढ रं मेल्या! तो बसलाय ना!"

मी ओढला. काकांच्या तोंडून हुंकार निघाला. मी थांबलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत, उठलेही नाहीत. मी पुन्हा ओढला, सगळं अंग टाकून, आणि पाण्याखाली 'कट्' असा आवाज झाला.

नट सुटला होता.

नवा पंखा चढवून वर बघेपर्यंत काका बांधावरून घरी निघाले होते, एका हाताने कंबर धरून. होडी उचलली गेली. आम्ही खांडीवर पोचलो तेव्हा पाणी खांडीच्या वीतभर खाली होतं. पोती उतरली, खांड बुजली, भात वाचलं.

रविवारी सकाळी माझे बाबा शेडवर आले. हातात परसातल्या काकड्या. काका खुर्चीवर तिरके बसलेले, कमरेला बाम चोळलेला, वास सगळ्या शेडमध्ये. बाबा त्यांच्या पायाशी वाकले. म्हणाले, "काका, काल तुम्ही केलंत म्हणून आमचं घर राहिलं."

काकांनी घाईघाईने पाय मागे घेतले.

"मी? मी काय केलं?" ते म्हणाले. "काल शनवार होता. मी बसलो होतो!"