पाटाच्या शेवटाला

गुहागरच्या बाजूला मी आगर घेतलं ते सुपारीच्या दलालीतल्या कमाईवर. वडिलांनी मला वीतभर जमीन ठेवली नव्हती. त्यामुळे तिथं लावलेल्या कोवळ्या पोफळी चैत्रात पिवळ्या पडू लागल्या, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहीना. एक उन्हाळा पाणी चुकलं की पोफळ जाते.

आमच्या वाडीत पाऊस सरला की वहाळावर दगडमातीचा बंधारा घालतात आणि पाटानं पाणी आगरांत आणतात. त्याच दिवशी पाळ्या ठरतात. मी बाजारात अडकलो होतो, म्हणून दोन गडी पाठवले. तरी मला सगळ्यांच्या शेवटी टाकलं. पाटाचं पाणी आटत चाललं, तसं माझ्यापर्यंत ते पोचेचना.

देवळात बैठक लागली. पाळ्या बघणाऱ्या गावकरांना मी थेट विचारलं, "तुमचा घरटी एकेक माणूस आला, माझे दोन. तरी मी शेवटी?"

"गडी आले, शेट. घर कुठं आलं?"

मागून शेजारच्या आगरातली काकू म्हणाली, "गावजेवणाला पण गडीच धाडणार काय, शेट?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "कोयनेचं अख्खं पाणी डोंगर फोडून इकडं वळवलं, आणि तुम्हाला हातभर पाट वळवता येत नाही?"

"ते वळवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं," गावकर शांतपणे म्हणाले. "इथं विचारतो. सांगा, कुणाचं पाणी तोडू?"

सगळे माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यभर मी समोरच्या एकाशी घासाघीस केली. इथं नाव घेईन तो जन्माचा वैरी.

"माझ्या पाळीतलं अर्धं न्या," काकूच म्हणाली. "पण पुढच्या बंधाऱ्याला चिखलात उतरा."

घासाघीस न करता काही घ्यायची मला सवय नाही. तरी घेतलं. ही रीत न्यायाची आहे, हे मला आजही पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पण करंगळीएवढं, आणि तेही वाटेतली माती पीत होती. पोफळींच्या सगळ्या ओळींना ते पुरणार नव्हतं, हे बघताक्षणी कळलं. फावडं घेऊन मी बराच वेळ पाटावर उभा राहिलो. मग वरच्या अंगाच्या दोन ओळींचं तोंड मातीनं बुजवलं आणि त्यांच्याकडं न बघता पाणी खाली सोडलं.