आवक बंद करू नका

"कॉलरा," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "डिहायड्रेशन. म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. सलाईन संपलंय. परभणीहून येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा."

मी येलदरीच्या वीजघरात इंजिनिअर होतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून गावच्या हापशावर आम्हा बौद्धांना मज्जाव होता, म्हणून नदीचं पाणी पीत होतो. हा आजार कुणाच्या कृपेनं आला, ते मी विसरलेलो नाही.

भेटायला माझे वरिष्ठ आले. थोरल्या भावाला म्हणाले, "पाइप फुटला की आम्ही आधी वरचं गेट टाकून पाणी बंद करतो. इथं गळतंय आणि तुम्ही वरून ओतताय?"

साहेबांचं बोलणं दादाला पटलं. त्यानं मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या उचलून खिडकीत ठेवला. "गळायचं थांबू दे, मंग पाज," असं माझ्या बायकोला, कमलला बजावलं.

मला बोलता येत नव्हतं. पायात गोळे येत होते, लघवी बंद झाली होती. राग तेवढा शाबूत होता.

कमल डॉक्टरांना ओढतच घेऊन आली. ते भडकले. "हा काय पाइप आहे? आतड्यातल्या पेशींच्या पडद्यात बारीक दारं असतात. कॉलराच्या विषानं बाहेर सोडणारं दार उघडंच अडकलंय. नुसतं मीठ आत घेणारं बंद पडलंय. पण एक दार अजून चालतंय. मीठ आणि साखर जोडीनं आली की ते उघडतं आणि मिठामागं पाणी आत जातं. तेही तुम्ही बंद करा, म्हणजे किडनी संपली आणि माणूसही."

"पण डॉक्टरसाहेब, अजून जायलंय की," दादा म्हणाला.

"जाऊ द्या. जातंय त्याहून जास्त पाजा."

आमची यंत्रं बंद करून दुरुस्त होतात. पेशीला बंद ठेवायची सोयच नाही. इतकी वर्षं गेटं चालवून हे मला खाटेवर कळलं.

कमल चमच्यानं पाजत राहिली. मी ओकलो, तिनं पुन्हा पाजलं. उजाडल्यावर ती वॉर्डभर ओरडली, "झाली! ह्यांना लघवी झाली!" कुणी हसलं नाही. बाकीच्या खाटांवरही तीच वाट पाहणं चाललं होतं.

दादानं मायेपोटी केलं, असं सगळे म्हणतात. असेल. तुमच्या घरी ही वेळ आली, तर असली माया आधी खोलीबाहेर काढा.

साहेब पुन्हा आले, तेव्हा कमल दारात आडवी उभी राहिली. "झोपलेत ते, साहेब. आता येऊ नका."

मी टक्क जागा होतो. उपकार कशाला म्हणतात, ते मला तेव्हा समजलं.